विल्यम मार्शलच्या वाटेवर: न्यूबरी, वेल्स, लिंकन आणि लंडन

इंग्लंडला जाणारे लोक लंडन, स्टोनहेंज, लेक डिस्ट्रिक्ट करून येतात आणि ते छानच आहे, पण मला या वेळी एकाच माणसाच्या मागे फिरायचं होतं. विल्यम मार्शल. जन्म साधारण 1147 चा, मृत्यू 1219. वाट्याला काहीच जमीन न येणारा धाकटा मुलगा, तलवारीच्या जोरावर वर आला, पाच राजांची चाकरी केली आणि सत्तरीला आल्यावर अख्खं इंग्लंड सांभाळलं. तो गेल्यावर त्याच्या थोरल्या मुलाने त्याचं चरित्र पद्यात लिहून घेतलं, जुन्या फ्रेंचमध्ये, 19,000 च्या वर ओळी आहेत. मुलाने लिहून घेतलंय म्हणजे बापाची बाजू घेणारच हे धरूनच वाचायला लागतं, पण त्यामुळे आठशे वर्षांनी सुद्धा हा माणूस कुणाला काय बोलला ते कळतं.

माझा भाचा रेडिंगला लागून असलेल्या अर्लीमध्ये राहतो, तिथेच मुक्काम. गंमत म्हणजे मार्शलचा सगळ्यात जवळचा माणूस, आयुष्यभर बरोबर राहिलेला, तो जॉन ऑफ अर्ली याच अर्लीचा. चरित्रातल्या कितीतरी गोष्टी त्यानेच सांगितलेल्या आहेत. भाच्याला इतकी वर्षं तिथे राहून हे माहीत नव्हतं, त्याने लगेच आठवडाभर सुट्टी टाकली आणि गाडी काढली.

शनिवार, हॅम्स्टेड मार्शल

न्यूबरीच्या पश्चिमेला केनेट नदीच्या काठाने गेलं की हे छोटंसं गाव लागतं, नावातच मार्शल आहे. बघायला म्हणाल तर एक जुनं चर्च, शेतात एकटेच उभे असलेले दगडी खांब (तिथला मोठा वाडा 1718 मध्ये जळाला, त्याच्या फाटकांचे ते खांब) आणि झाडीत लपलेल्या मातीच्या टेकड्या. या टेकड्या म्हणजे नॉर्मन किल्ल्यांचे पाये, वर लाकडी बुरूज असायचा. जमीन खाजगी आहे त्यामुळे आम्ही पायवाटेवरूनच बघितलं. 1152 साली राजा स्टीफनने ज्या न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला तो इथलाच असं बरेच अभ्यासक मानतात.

तेव्हा स्टीफन आणि त्याची चुलत... म्हणजे मामेबहीण मटिल्डा यांच्यात गादीवरून भांडण, देशात नुसती अंदाधुंदी. विल्यमचा बाप जॉन मार्शल मटिल्डाच्या बाजूचा, भयंकर चिवट माणूस, जळत्या चर्चमध्ये अडकला होता तेव्हा छतावरचं वितळलेलं शिसं पडून एक डोळा गेलेला. वेढा पडल्यावर त्याने तहासाठी मुदत मागितली आणि ओलीस म्हणून कोणाला दिलं तर विल्यमला, वय पाचेक वर्षं. आणि मग मुदतीत किल्ला सोडायचं राहिलं बाजूला, याने आत दाणागोटा आणि माणसं भरून घेतली. स्टीफनने निरोप पाठवला की पोराला फाशी देतो, तर बापाचं उत्तर, दे, माझ्याकडे हातोडा आणि ऐरण आहे, याच्यापेक्षा चांगली पोरं घडवीन.

भाचा गाडीला टेकून ऐकत होता, म्हणाला, "मावशी, हा बाप आहे का कोण आहे?" मी म्हटलं, अरे पुढचं ऐक. पोराला फाशीकडे नेलं, तर त्याला काय चाललंय काही कळत नाहीये, एका सरदाराच्या हातातला भाला बघून तो म्हणतो मला द्या ना खेळायला. स्टीफनने त्याला उचलून घेतलं आणि परत आणलं. मग कोणीतरी सुचवलं की दगड फेकायच्या यंत्रात घालून किल्ल्यावर फेकू या, तर याला वाटलं तो झोपाळाच आहे. शेवटी राजाच्या तंबूत राजा आणि हा पोरगा दोघं जमिनीवर बसून गवताच्या दांड्यांची लढाई खेळत होते आणि राजा हरला, असं चरित्रात आहे. स्टीफनला इतिहासकार कमकुवत राजा म्हणतात, त्याने असे निर्णय घेतले म्हणूनच म्हणतात, पण मला तो त्या टेकडीसमोर उभं राहून फार मोठा वाटला. त्याने एक पोर मारलं नाही. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे आणि माझी ही सगळी ट्रिप खरं म्हणजे तेवढ्या एका गोष्टीसाठी होती.

रविवार, चेपस्टो आणि टिंटर्न

सकाळी एम-4 धरला आणि मग सेव्हर्न नदीवरच्या 1966 च्या जुन्या पुलावरून वेल्समध्ये. 2018 च्या डिसेंबरपासून टोल बंद झालाय.

गाडीत भाच्याला मधली वर्षं सांगितली. विल्यमला नॉर्मंडीत तांकारव्हिल नावाच्या ठिकाणी आईच्या नातेवाइकाकडे शिकायला पाठवलं, तिथे तो नाइट झाला पण खिशात दमडी नाही. मग टूर्नामेंट. सिनेमात दाखवतात तसं दोघंच समोरासमोर भाले घेऊन असं ते तेव्हा नव्हतं, मैलोन् मैल मोकळ्या रानात दोन टोळ्या एकमेकांवर तुटून पडायच्या, समोरच्याला जिवंत पकडायचं आणि त्याचा घोडा, चिलखत आणि वर खंडणी घ्यायची. एका जोडीदाराबरोबर भागीदारी करून याने दहाएक महिन्यांत 103 नाइट पकडले! एकदा बक्षीस द्यायला लोक याला शोधतायत तर हा लोहाराकडे, ऐरणीवर डोकं ठेवलेलं, कारण मार खाऊन शिरस्त्राण इतकं चेपलं होतं की निघतच नव्हतं आणि लोहार हातोड्याने ते सोडवत होता.

1168 मध्ये पश्चिम फ्रान्समध्ये त्याच्या मामाला, अर्ल पॅट्रिकला, पाठीमागून मारलं, हा एकटा कुंपणाला पाठ लावून लढला आणि मांडीत भाला घुसून कैद झाला. स्टीफननंतर राजा झालेल्या हेन्री दुसऱ्याच्या राणीने, एलेनॉरने, खंडणी भरून सोडवला आणि तिथून नशीब पालटलं. 1170 पासून तिच्या मुलाला, तरुण हेन्रीला, शस्त्रं शिकवायचं काम. हा हेन्री बाप जिवंत असतानाच राजा म्हणून अभिषेक झालेला पण हातात काही सत्ता नसलेला, 1183 मध्ये तापाने गेला, त्याने क्रूसेडची, म्हणजे धर्मयुद्धाला जायची शपथ घेतली होती ती मार्शलने त्याच्या वतीने जेरुसलेमला जाऊन पूर्ण केली. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कोण तपासायला येणार होतं, तरी दोनेक वर्षं घालवली.

आणि 1189. म्हातारा हेन्री दुसरा आजारी, ल मान्सहून पळतोय, मागे लागलाय त्याचाच मुलगा रिचर्ड. मार्शल मागे वळला आणि भाला रोखून रिचर्डवर गेला, रिचर्ड अंगात चिलखत नसलेला, ओरडला मला मारू नकोस, मार्शल म्हणाला मी नाही मारत, सैतान मारो, आणि भाला घोड्यात घातला. काही आठवड्यांत हेन्री मेला, रिचर्ड राजा, आता हा माणूस संपला असं सगळ्यांना वाटलं. रिचर्डने त्याला शिक्षा नाही दिली, इझाबेल डी क्लेअरशी लग्न लावून दिलं. ती सतराएक वर्षांची, हा त्रेचाळीसच्या आसपास, आणि तिच्याबरोबर वेल्स आणि आयर्लंडमधली प्रचंड जहागीर. चेपस्टो त्यातलंच.

किल्ला वाय नदीच्या कड्यावर लांबच्या लांब पसरलाय. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, खाली चिखलाचे उंच काठ उघडे पडलेले. आतला सगळ्यात जुना दगडी बुरूज विल्यम द काँकररच्या काळात सुरू झालेला, भिंतीत रोमन विटांचा लालसर पट्टा दिसतो. पण मला बघायचे होते ते दरवाजे. मार्शलने नवा दोन बुरुजांचा दरवाजा बांधला त्याची लाकडी दारं अजून आहेत, लाकडातल्या कड्या मोजून कळलं की झाडं 1190 च्या आधीच तोडलेली, युरोपातली सगळ्यात जुनी किल्ल्याची दारं म्हणून ओळखली जातात. 1962 पर्यंत ती जागेवर टांगलेली होती!! आता किल्ल्यातच आत ठेवलीयत, बाहेरून लोखंडी पत्रे, आतून आडव्या-उभ्या लाकडांची जाळी. मी तिथे बराच वेळ काढला, भाचा दोनदा बाहेर जाऊन आला.

दुपारी टिंटर्न ॲबी, तिथून जवळच. इझाबेल 1220 मध्ये गेली आणि तिला इथे पुरलं, नवऱ्याशेजारी नाही, आईशेजारी. आत्ता दिसतं ते भव्य चर्च तिच्या नंतरचं आहे. या बाईबद्दल खूप कमी लिहिलं जातं पण आयर्लंडची जहागीर तिची, तिच्या आईकडून, आणि नवरा इंग्लंडमध्ये अडकलेला असताना 1208 मध्ये बंडखोरांशी टक्कर तिनेच घेतली, ते पण गरोदर असताना. दहा मुलं झाली, पाच मुलगे पाच मुली.

सोमवार, पेम्ब्रुक

चेपस्टोहून अडीच-तीन तास. 1199 मध्ये रिचर्डनंतर गादीवर आलेल्या त्याच्या भावाने, जॉनने, राज्याभिषेकाच्या दिवशीच मार्शलला पेम्ब्रुकचा अर्ल केलं आणि त्याने इथला गोल बुरूज बांधला. जवळपास 24 मीटर उंच, तळाशी भिंत सहाएक मीटर जाड आणि वर दगडी घुमट. मधले लाकडी मजले कधीच गेलेत त्यामुळे आत उभं राहून वर बघितलं की कोरड्या विहिरीच्या तळातून बघितल्यासारखं वाटतं. गोल का, तर चौकोनी बुरुजाचे कोपरे सुरुंगाने पाडता येतात, गोलाला कोपराच नाही. फ्रान्समध्ये पंचवीस वर्षं किल्ले बघितलेला माणूस होता तो. याच किल्ल्यात नंतर 1457 मध्ये हेन्री ट्यूडर, पुढचा राजा हेन्री सातवा, जन्मला, पर्यटक जास्त करून त्याच्यासाठी येतात.

जॉनच्या राज्यात मार्शलचे दिवस वाईट गेले. 1204 मध्ये नॉर्मंडी हातची गेल्यावर तिथली जमीन वाचवायला त्याने फ्रान्सच्या राजापुढे गुडघे टेकले, जॉन चिडला, आणि त्याला मी तरी पूर्ण दोष देणार नाही, दोन्ही डगरींवर हात ठेवणंच होतं ते. जॉनने काय मागितलं? ओलीस. आधी थोरला मुलगा, मग दुसरा. इझाबेलला ते पटलं नव्हतं. मार्शलने दिले. स्वतः ज्यातून गेला त्यातच पोटच्या मुलांना घातलं, हे मला त्या बुरुजाच्या पायऱ्या चढताना फार लागलं आणि चरित्रात यावर तो फक्त इमानाच्या गोष्टी बोलतो. मुलं सुखरूप परत आली म्हणून आपण आज त्याला मोठा म्हणतो. ज्या जॉनने विल्यम डी ब्रिओज नावाच्या सरदाराची बायको आणि मुलगा कैदेत उपाशी मारले त्याच्या हातात दिलेली मुलं होती ती.

मंगळवार, ग्लॉस्टर आणि वुस्टर

लांबचा पल्ला, वाटेत पाऊस. ग्लॉस्टरला कथीड्रलमध्ये गेलो, तेव्हा हे मठाचं चर्च होतं. 1216 चा ऑक्टोबर डोळ्यासमोर आणा. मॅग्ना कार्टा, म्हणजे सरदारांनी जॉनकडून राजाचे अधिकार बांधून घेतलेली सनद, होऊन वर्ष झालंय आणि तो फसलाय, निम्म्याहून जास्त सरदार राजाच्या विरुद्ध, त्यांनी फ्रान्सचा राजपुत्र लुई आणून बसवलाय, लंडन त्याच्याकडे. जॉन न्यूअर्कला आजारी पडून मेला. वारस त्याचा मुलगा हेन्री, वय नऊ, तिजोरी रिकामी. मार्शल त्याला आणायला माल्म्सबरीजवळच्या मैदानात गेला, मुलगा म्हणाला मी स्वतःला देवाच्या आणि तुमच्या स्वाधीन करतो, आणि दोघंही रडले. 28 ऑक्टोबरला इथे अभिषेक. मार्शलने आधी मुलाला नाइट केलं, खरा मुकुट हाताशी नाही म्हणून साधं कडं डोक्यावर ठेवलं. एका खिडकीच्या रंगीत काचेत तो प्रसंग आहे, खूप नंतरची काच आहे पण बघाच.

त्या रात्री मार्शल कारभारी व्हायला तयार नव्हता, म्हणाला मी म्हातारा झालो. जॉन ऑफ अर्लीने सांगितलं की वाईटात वाईट झालं तरी यात तुमची इज्जतच राहील. तेव्हा तो जे बोलला ते मला पाठ आहे, सगळ्यांनी सोडलं तरी मी या पोराला खांद्यावर घेऊन बेटाबेटांतून फिरेन, भीक मागावी लागली तरी सोडणार नाही. आता हॅम्स्टेडची टेकडी आठवा. पाच वर्षांच्या ज्याला एका राजाने उचलून घेतलं होतं तो सत्तरीत नऊ वर्षांच्या राजाला खांद्यावर घ्यायचं म्हणतोय. त्याला स्वतःला ते आठवलं असेलच, मला यात शंका वाटत नाही.

पहिलं काम काय केलं तर महिन्याच्या आत मॅग्ना कार्टा पुन्हा काढला, आपल्या आणि पोपच्या वकिलाच्या शिक्क्याने, कारण पोराला अजून शिक्काच नव्हता. बंडखोर ज्यासाठी लढत होते तेच देऊन टाकलं, मग लढायला कारण काय उरलं! मॅग्ना कार्टा आज आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः यामुळे. वुस्टरला जॉनची कबर धावतपळत बघितली आणि रात्री लिंकन गाठलं.

बुधवार, लिंकन

स्टीप हिल नावाचा रस्ता आहे, नावाप्रमाणेच, मध्ये मध्ये थांबून वर गेलो. वर एका बाजूला किल्ला, समोर कथीड्रल. किल्ल्याच्या तटावरून पूर्ण फेरी मारता येते आणि 20 मे 1217 ची लढाई अख्खी समजते. शहर लुईच्या माणसांकडे, किल्ला राजाकडे, आणि किल्ला कोण लढवतंय तर निकोला डी ला हे, साठी ओलांडलेली बाई. मी म्हातारी झाले, किल्ल्या घ्या, असं ती जॉनला म्हणाली होती, त्याने नाही घेतल्या, आणि स्वतः मरायच्या दिवशी तिला लिंकनशरची शेरीफ, म्हणजे राजाच्या वतीने तो भाग बघणारी, पण केलं.

मार्शल 406 नाइट आणि 317 तिरंदाज घेऊन आला. दक्षिणेकडून आला असता तर हाच चढ चढून लढायला लागला असता, म्हणून वळसा घालून वायव्येकडून सपाटीने आला. काही माणसं किल्ल्यात घुसवली, त्यांनी तटावरून बाणांचा मारा सुरू केला, तेवढ्यात शहराचं एक बंद दार फोडलं. आणि सत्तर वर्षांचा हा माणूस इतका अधीर की शिरस्त्राण न घालताच निघाला, पोऱ्याने हटकलं तेव्हा घातलं. बरं झालं घातलं, कथीड्रलसमोर फ्रेंच सेनापती काउंट ऑफ पर्शने त्याच्या डोक्यावर तीन वार केले आणि मग स्वतःच घोड्यावरून कोसळला, डोळ्याच्या फटीतून आधीच भाल्याचं टोक लागलं होतं. पर्श मार्शलचा नातलग, त्याला जिवंत पकडायचं होतं, वाईट वाटलं.

पण त्यानंतरचं पण सांगायलाच पाहिजे. राजाच्या सैन्याने शहर लुटलं, चर्च सुद्धा सोडली नाहीत, त्याला नाव दिलं लिंकनची जत्रा. बायका पोरांना घेऊन होड्यांत चढल्या, होड्या जास्त भरल्या, बुडाल्या. मार्शल सेनापती होता, मग ही जबाबदारी त्याचीच. आणि निकोला? चारच दिवसांत तिची शेरीफकी काढून राजाच्या काकाला, अर्ल ऑफ सॉल्झबरीला दिली. ती गप्प बसली नाही, दरबारात जाऊन भांडली आणि किल्ला परत मिळवला.

किल्ल्यातल्या तळघरात 1215 चा मॅग्ना कार्टा ठेवतात, शिल्लक चारांपैकी एक, शेजारी 1217 ची जंगलाची सनद, ती मार्शलच्या कारभारातली. मंद प्रकाशात ठेवलेलं चामड्याचं पान, अक्षरं अगदी बारीक. लिंकननंतर ऑगस्टमध्ये सँडविचजवळ समुद्रात फ्रेंच कुमक बुडवली आणि सप्टेंबरात लुई परत गेला, 10,000 मार्क देऊन घालवला. पैसे कशाला दिले म्हणून लोक नंतर नावं ठेवत राहिले, मला वाटतं स्वस्तात सुटले.

गुरुवार, कॅव्हरशम

आज गाडी नाही. रेडिंगमधून थेम्स ओलांडून चालत. मार्शलचा वाडा आता नाही, नदीकाठी बाग आहे तिथे डबा खाल्ला. 1219 च्या मार्चमध्ये लंडनच्या टॉवरमध्ये आजारी पडल्यावर तो नावेने इथे आला, इझाबेल दुसऱ्या नावेत. मरायला दोन महिने लागले आणि चरित्रातला हाच भाग मी सगळ्यात जास्त वेळा वाचलाय.

छोट्या राजाचा हात धरून त्याने सांगितलं की तू जर एखाद्या वाईट पूर्वजासारखा होणार असशील तर देव तुला जास्त आयुष्य न देवो. एक कारकून म्हणाला अंगरखे विकून पैसे आत्म्यासाठी दान करा, तर हा भडकला, पेंटेकॉस्टचा सण जवळ आलाय, माझ्या नाइटांना कपडे मिळालेच पाहिजेत. 500 नाइटांची लूट परत करा नाहीतर स्वर्ग मिळत नाही असं सांगणाऱ्यांना म्हणाला, पाद्री लोक फारच खरडून हजामत करतात, आता कुठून परत करू. एके दिवशी गावंसं वाटलं पण लाज वाटली, म्हणून मुलींना बोलावलं, जोन लाजत लाजत गायली तर तिला म्हणतो अशी घाबरत गाऊ नकोस आणि कसं गायचं ते सांगितलं. जेरुसलेमहून आणलेलं रेशमी कापड तीस वर्षं जपून ठेवलं होतं, कोणाला माहीत नव्हतं, ते जॉन ऑफ अर्लीकडून मागवून घेतलं, माझ्या प्रेतावर घाला.

टेम्प्लरांची, म्हणजे लढणाऱ्या साधूंच्या पंथाची दीक्षा घ्यायची होती, आणि टेम्प्लरला बाईला जवळ घेता येत नाही. इझाबेलला म्हणाला, आता मला शेवटचं चुंबन दे, यापुढे नाही. दोघंही रडले, मुली रडल्या. तीस वर्षांचा संसार. 14 मेला गेला. भाचा एकदम गप्प झाला होता, मग म्हणाला, "मावशी, याच्यावर सिरीज कशी नाही अजून?"

शुक्रवार, लंडन, टेम्पल चर्च

फ्लीट स्ट्रीटवरून एका छोट्या गल्लीत शिरलं की वकिलांच्या ऑफिसांच्या मध्ये हे गोल चर्च. 1185 मध्ये जेरुसलेमच्या पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूने, पवित्र केलेलं. तिकीट आहे आणि वेळा बदलतात, आधी बघून जा. 20 मे 1219 ला त्याला इथे पुरलं, लिंकनच्या लढाईला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी. गोल भागात जमिनीवर दगडी नाइट झोपलेत, 10 मे 1941 च्या रात्री बॉम्बनी छत जळून कोसळलं तेव्हा ते भाजून तडकले. मार्शलचा म्हणून जो ओळखला जातो त्याच्या हातात तलवार, डाव्या बाजूला ढाल, नाक-डोळे बरेच झिजलेत. जवळच दोन मुलगे, विल्यम आणि गिल्बर्ट.

याच जागेची एक गोष्ट जुन्या बखरीत आहे. आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपची दोन गावं मार्शलने घेतली होती, बिशपने त्याला बहिष्कृत केलं. तो मेल्यावर बिशप कबरीपाशी आला, तरुण राजा बरोबर, म्हणाला गावं परत करा, मी शाप मागे घेतो. मुलांनी नाही म्हटलं. तेव्हा बिशप म्हणाला, एका पिढीत हे नाव संपेल. पाच मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि 1245 पर्यंत पाचही गेले, एकालाही औरस वारस नाही. जहागीर पाच मुलींच्या घरांत वाटली गेली, त्यातल्या इझाबेलच्या वंशात पुढे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस.

भाच्याला आता आयर्लंड करायचंय. किलकेनी, न्यू रॉस आणि मार्शलने बांधलेलं हूकचं दीपगृह, जे अजून चालू आहे. मी म्हटलं आधी फर्न्सला जायचं, तिथल्या लोकांच्या नजरेतून हा माणूस जमीन बळकावणारा परकाच होता, ती बाजू बघितल्याशिवाय मला तरी मार्शल पूर्ण कळला असं म्हणता येणार नाही.